एमुलेटरवर चालतं, खऱ्या स्पेक्ट्रमवर अडतं: कुठे कुठे बघायचं

हा प्रश्न फिरून फिरून येतो. लॅपटॉपवरच्या एमुलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आपला प्रोग्रॅम झकास चालतो आणि तोच खऱ्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या त्या घरगुती संगणकावर, चढवला की काहीतरी बिनसतं. सरकणाऱ्या पट्टीतली अक्षरं फाटतात, खेळातलं पात्र कुणी हात न लावता पळत सुटतं, कळ दाबली नसताना दाबल्यासारखी वाटते, नाहीतर मुळात लोडच होत नाही. आणि विचारणारा शेवटी एकच विचारतो: मशीन गेलं का?

बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं. एमुलेटर आपले लाड करतो, हे खरं कारण. जोडलेली नसलेली जॉयस्टिक तो आहे म्हणून सांगतो, पाच मिनिटांची टेप क्षणात भरतो, अख्खं चित्र एकदम रंगवून देतो. त्यामुळे एमुलेटर जितका कडक लावाल तितका तो प्रोग्रॅम लिहिताना उपयोगी पडेल. खाली जे आहे ते सगळं त्यासाठीच.

इथे ४८के (४८ किलोबाइट मेमरीचं) मशीन धरून लिहितोय, कारण आपल्याकडे तीच जास्त सापडतात. सिंक्लेअरने स्पेक्ट्रम १९८२मध्ये ब्रिटनमध्ये आणला. भारतात डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन १९८६च्या सुमारास स्पेक्ट्रम प्लस बाजारात उतरवला. पुण्यात अजूनही एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असं मशीन निघतं, बहुतेकदा वीजपुरवठ्याचा डबा हरवलेला.

आधी विजेचं बघा

डबा हरवला की माणूस थेट तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जातो आणि ९ व्होल्टचा अडॅप्टर मागतो. मिळतोही, पण हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत मधला भाग धन असतो आणि स्पेक्ट्रमला तो ऋण लागतो. मूळ डबा ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा. दुकानातच मल्टिमीटर लावून घ्या, दुकानदाराला यात काही वावगं वाटत नाही. ४८के बोर्डवर खालच्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात. त्यांना ५ आणि १२ व्होल्टसोबत उणे ५ व्होल्टही लागतात. हा उणे पुरवठा बंद पडला की त्या चिपा पटापट जातात.

मशीन चालू झाल्यावर कॉपीराइटची ओळ आली, की बेसिकमध्ये २३७३२ आणि २३७३३ हे दोन पत्ते ‘पीक’ करून (तिथला आकडा वाचून) बघा. पहिली संख्या अधिक २५६ गुणिले दुसरी, याचं उत्तर ६५५३५ आलं तर मेमरी पूर्ण आहे. ३२७६७ आलं तर वरच्या ३२ किलोबाइटपर्यंत मशीन पोचतच नाही. मग प्रोग्रॅम ३२७६८ला बसवून तो का चालत नाही यावर रात्र घालवू नका. हार्डवेअरचं एवढं पुरे.

अक्षरं फाटतात

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं हेच, त्यामुळे यावर जरा थांबतो.

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. ही चित्राची मेमरी १६३८४पासून सुरू होते आणि ती याच खालच्या १६ किलोबाइटमध्ये असते. टीव्हीला चित्र देण्यासाठी यूएलए ही चिप तिथून सतत वाचत असते. त्याच वेळी झेड८० या प्रोसेसरला १६३८४ ते ३२७६७मधला एखादा पत्ता हवा असेल तर यूएलए त्याला थांबवते. याला कंटेन्शन म्हणतात. टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका. एका फ्रेममध्ये, म्हणजे टीव्हीवरच्या एका पूर्ण चित्रात, ६९,८८८ टी-स्टेट, एका ओळीला २२४. इंटरप्टपासून, म्हणजे फ्रेमच्या सुरुवातीला यूएलए प्रोसेसरला देते त्या इशाऱ्यापासून, मोजलं तर १४,३३५व्या टी-स्टेटला ही अडवणूक सुरू होते. चित्राच्या प्रत्येक ओळीत १२८ टी-स्टेट ती चालते आणि प्रोसेसर कोणत्या क्षणी येऊन आदळतो त्यावर ६, ५, ४, ३, २, १, ०, ० अशा क्रमाने त्याला थांबावं लागतं.

आता उदाहरण. पडद्याच्या अगदी वर, १६ ओळी उंचीची देवनागरी पट्टी उजवीकडून डावीकडे एकेक पिक्सेल सरकवायची आहे. प्रत्येक बाइटला एक रोटेट (बाइटमधले बिट एका जागेने सरकवणारी सूचना), १५ टी-स्टेट, आणि पत्ता एकाने कमी करायला ४. झाले १९. एका ओळीत ३२ बाइट, म्हणजे ६०८, आणि पुढच्या ओळीवर जाण्याचा खर्च धरून ६२० म्हणा. सोळा ओळींना ९,९२०.

समजा या कामाआधी तुमचं संगीत आणि कळांची तपासणी यात ७,५०० टी-स्टेट गेले. मग पट्टी १७,४२०ला संपेल. टीव्हीची किरणरेषा (पडद्यावर ओळीओळीने चित्र रंगवणारा किरण) सोळाव्या ओळीवर पोचते १७,६९६ला. म्हणजे २७६ टी-स्टेट आधी आपण सुटलो. कागदावर सगळं छान. ज्या एमुलेटरमध्ये कंटेन्शन नाही, तिथेही छान.

खऱ्या मशीनवर अकराव्या-बाराव्या ओळीच्या आसपास १४,३३५चा आकडा येतो आणि तिथून पुढे प्रत्येक रोटेटला चित्राच्या मेमरीत जाताना अडवलं जातं. उरलेल्या चार-पाच ओळींत ते २७६ केव्हाच उडून जातात. किरणरेषा पुढे निघून जाते आणि खालच्या एक-दोन ओळी मागच्याच फ्रेमच्या दिसतात.

दिसतं कसं ते नीट बघा, कारण ओळखायची खूण तीच. शिरोरेषेला काही होत नाही. ती आडवी आहे, एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी तशीच दिसते. कान्याचा पाय मात्र एक पिक्सेल उजवीकडे राहिलेला दिसतो, दांडी मोडल्यासारखा. म्हणून चाचणीसाठी ‘दादा मामा काका बाबा’ असा मजकूर घ्यावा. उभ्या दांड्यांची रांगच लागते, तुटलेली एकही लपत नाही. इंग्रजी मजकुरात हा दोष कित्येकदा नजरेतून सुटतो.

यावर उपाय फुकटचा आहे. ‘हॉल्ट’मधून (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबवणाऱ्या सूचनेतून) बाहेर आल्या आल्या पट्टी सरकवा, संगीत आणि कळा नंतर. रॉमची इंटरप्टची कामं संपेपर्यंत हजारेक टी-स्टेट जातात असं धरलं, तरी पट्टी ११,०००च्या आसपास संपते. म्हणजे कंटेन्शनची वेळ यायच्या आत सगळं आटोपतं. काही जण याच जागी रोटेटची रचना बदलून चार-चार टी-स्टेट वाचवत बसतात. आधी क्रम बदलून बघा, मग ती मेहनत करायची की नाही ते ठरवा. पट्टी पडद्याच्या तळाशी नेणं हाही मार्ग आहे. किरणरेषा १७७व्या ओळीवर ५३,७६०ला पोचते, तोवर बराच वेळ हाताशी असतो. फक्त काम लांबून चित्राच्या वेळेत शिरलं तर कंटेन्शन तिथेही लागतं, कारण ते ओळ बघत नाही, पत्ता बघतं.

याच भानगडीची आणखी दोन रूपं आहेत. प्रोग्रॅमच ३२७६८च्या खाली बसवला असेल तर प्रत्येक सूचना वाचतानाही थांबावं लागतं. वेळेवर चालणारा कोड कायम ३२७६८च्या वर ठेवा. दुसरं रूप जास्त लबाड आहे. लोडरमध्ये (मूळ प्रोग्रॅम भरणाऱ्या छोट्या बेसिक प्रोग्रॅममध्ये) आपण सवयीने ‘क्लिअर ३२७६७’ लिहितो. त्याने कोड शाबूत राहतो खरा, पण स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) बरोबर त्या खाली, म्हणजे अडवणुकीच्या मेमरीत जाऊन बसतो. मग प्रत्येक कॉल आणि पुश रखडतो. बेसिकमध्ये परत जायचं नसेल तर सुरुवातीलाच स्टॅक मेमरीच्या माथ्यावर न्या. परत जायचं असेल तर जुना पॉइंटर जपून ठेवा.

आता एमुलेटर. कोणतं मॉडेल निवडलंय ते आधी बघा. पेंटॅगॉन हा रशियन क्लोन अनेक यादीत असतो. त्यात कंटेन्शन नाहीच आणि फ्रेम ७१,६८० टी-स्टेटची आहे. तो निवडून ४८केसाठी काम करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. १२८के निवडून मेनूतून ‘४८ बेसिक’मध्ये गेलात तरी टायमिंग १२८चंच राहतं: ओळीला २२८, फ्रेमला ७०,९०८. ब्राउझरमध्ये चालणारे काही साधे एमुलेटर फ्रेम संपल्यावर अख्खं चित्र एकदम काढतात. त्यात अक्षर फाटणं दिसूच शकत नाही. गंमत म्हणून ठीक, चाचणीला निरुपयोगी.

फ्यूज हा एमुलेटर वापरत असाल तर ४८के मॉडेल घ्या. त्याच्या डीबगरमध्ये (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघायच्या सोयीत) टी-स्टेटचा चालू आकडा दिसतो. पट्टीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक ब्रेकपॉइंट ठेवून दोन्ही आकडे लिहून घ्या. वर मी केलेला हिशोब तुमच्या प्रोग्रॅमसाठी एका मिनिटात होतो. त्यात ‘लेट टायमिंग्ज’ असा एक पर्याय आहे, ज्याने पडद्याचं सगळं वेळापत्रक एका टी-स्टेटने पुढे सरकतं. काही खरी मशीनं तशीच वागतात. सर्वसाधारण खेळाला याचा फरक पडत नाही, पण बॉर्डरवर चित्रं काढणाऱ्यांनी दोन्हीकडे चालवून बघावं.

पात्र आपोआप पळतं

हे केम्पस्टन जातीच्या जॉयस्टिकचं दुखणं. ती ३१ नंबरच्या पोर्टवर वाचतात. उजवी, डावी, खाली, वर आणि फायर असे पाच बिट, आणि दाबलं की १. एमुलेटरमध्ये केम्पस्टन चालू असेल तर न दाबता ० मिळतो, पात्र शांत उभं राहतं. खऱ्या मशीनला इंटरफेसच लावलेला नसेल तर त्या पोर्टवर कुणीच उत्तर देत नाही. मग बसवर (प्रोसेसरच्या डेटाच्या तारांवर) जे तरंगत असेल ते हाती येतं: यूएलए चित्र वाचत असेल तर त्यातला एखादा बाइट, नाहीतर २५५. आणि २५५ म्हणजे सगळ्या दिशा एकदम दाबलेल्या आणि वर फायरसुद्धा.

तेव्हा कामाच्या एमुलेटरमध्ये केम्पस्टन बंद ठेवा आणि प्रोग्रॅममध्ये ओळखीची सोय करा. सुरुवातीला काही फ्रेम ‘हॉल्ट’नंतर लगेच ३१ वाचा. कधीही ३२ किंवा त्याहून मोठा आकडा आला, किंवा डावी-उजवी एकदम आली, तर जॉयस्टिक नाही असं समजून तो पोर्ट पुन्हा वाचू नका. एसडी कार्डाचे हल्लीचे बरेच इंटरफेस केम्पस्टनही सोबत देतात. म्हणून एकाकडे प्रोग्रॅम नीट चालतो आणि दुसऱ्याकडे नाही, आणि दोघं मशीनच्या वयावर वाद घालत बसतात.

कळांचं दुखणं याच जातीचं. २५४ नंबरचा पोर्ट वाचला की खालचे पाच बिट कळांचे असतात, सहावा आणि आठवा नेहमी १, आणि सातवा टेपच्या इअर सॉकेटचा. जुन्या, ‘इश्यू २’ आवृत्तीच्या बोर्डवर कळ न दाबता साधारण २५५ मिळतात, ‘इश्यू ३’ आणि पुढच्या बोर्डवर १९१. ज्याने पूर्ण बाइट २५५शी ताडून बघितला त्याला एका बोर्डवर सतत कळ दाबल्याचा भास होणार. वाचल्याबरोबर ‘अँड ३१’ करा (म्हणजे फक्त खालचे पाच बिट उरतात) आणि ३१शी तुलना करा, विषय संपला. फ्यूजमध्ये ‘इश्यू २ कीबोर्ड’चा पर्याय आहे. तो लावून आणि काढून, दोन्हीकडे एकदा खेळून बघा.

लोडच होत नाही

एमुलेटर टॅप फाइल (टेपची लॅपटॉपवरची प्रत) क्षणात भरतो, कारण तो रॉममधलं टेप वाचण्याचं रूटीनच मध्ये अडवून बाइट थेट मेमरीत ठेवतो. खऱ्या मशीनला प्रत्येक बिट ऐकावा लागतो. ०साठी ८५५ टी-स्टेटच्या दोन स्पंदनांची जोडी, १साठी १,७१०च्या. सरासरी काढली तर सेकंदाला १७० बाइटच्या आसपास. ६,९१२ बाइटच्या नुसत्या एका चित्राला ४० सेकंद लागतात. म्हणून फ्यूजमधले ‘टेप ट्रॅप्स’ आणि ‘फास्टलोडिंग’ बंद करून पूर्ण टेप एकदा तरी खऱ्या वेगाने लोड करा. लोडर स्वतःच्याच अंगावर लिहितोय, किंवा लोडिंग चालू असताना स्टॅक पुसला जातोय, असले प्रकार तिथे उघडे पडतात.

ते पार पडलं तर उरतो आवाज. फ्यूजसोबतच्या उपयुक्त प्रोग्रॅममध्ये टेपची वॅव्ह फाइल करून देणारा एक आहे. ती फोनवरून वाजवा. इक्वलायझर आणि आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद, फोन विमान मोडवर, आवाज जवळजवळ पूर्ण. इअर सॉकेट मोनो आहे, तेव्हा स्टिरिओ-टू-मोनो केबल घ्या. ‘लोड’ दिल्यावर बॉर्डरकडे लक्ष ठेवा. लाल-आकाशी पट्टे एकसारखे सरकू लागले तर मशीनला सूर सापडला. नुसतीच संथपणे लाल, मग आकाशी, अशी रंगांची अदलाबदल होत असेल तर आवाज पोचतच नाहीये. निळे-पिवळे पट्टे येऊन मग ‘आर टेप लोडिंग एरर’ येत असेल तर आवाज थोडा कमी-जास्त करा. पावसाळ्यात सॉकेटवर आणि मागच्या एज कनेक्टरवर गंज-बुरशीचा थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एक. इंटरप्ट मोड २ (इंटरप्ट आला की स्वतःचं रूटीन चालवायची सोय) वापरत असाल तर व्हेक्टरचं टेबल (त्या रूटीनचा पत्ता जिथून मिळतो ते) २५७ बाइटचं आणि सगळीकडे एकच आकडा भरलेलं ठेवा. एमुलेटरमध्ये बसवर कायम २५५ येतात असं धरलेलं असतं. मागे काही जोडलेलं असलं की खऱ्या मशीनवर त्याची हमी नाही. ६५०२४पासून २५३ भरा आणि ६५०२१ला जंप ठेवा, ही जुनी खात्रीची रीत. आय रजिस्टर ६४ ते १२७च्या दरम्यान ठेवू नका, ४८केवर पडदाभर बर्फ पडतो. बरेच एमुलेटर तो दाखवत नाहीत.

लॅपटॉपवरच हिसके बसतात

ही तक्रार उलट्या दिशेची: खऱ्या मशीनवर पट्टी गुळगुळीत, एमुलेटरमध्ये मात्र अडखळते. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, स्पेक्ट्रम ५० फ्रेम देतो. दर पाच फ्रेममागे एक दोनदा दिसते, तोच तो हिसका. प्रोग्रॅमला हात लावू नका. मॉनिटर ५० हर्ट्झवर जात असेल तर तिथे बदला, नाहीतर दुर्लक्ष करा.

रोजच्या कामाची मांडणी

एसजॅझमप्लस हा असेंबलर, व्हीएस कोड या एडिटरमध्ये डीझॉग हा डीबगर, आणि त्याला जोडलेला झेसारयूएक्स हा एमुलेटर. असेंबलरला एसएलडी फाइल बनवायला सांगितली की डीझॉग तुमच्या मूळ कोडच्या ओळीवर थांबतो, लेबलांची नावं दाखवतो. डीझॉगचा स्वतःचा आतला सिम्युलेटरही आहे. हिशोबाची, तर्काची रूटीनं तपासायला तो भराभर चालतो. वेळेशी संबंधित गोष्ट मात्र पूर्ण एमुलेटरवरच बघायची. मी दोन मांडण्या करून ठेवल्या आहेत. एक दिवसभराची: झटपट लोडिंग, डीबगर जोडलेला. दुसरी कडक: ४८के, केम्पस्टन नाही, टेप खऱ्या वेगाने, इश्यू ३ कीबोर्ड. कुणाला फाइल पाठवण्याआधी दुसरीवर चालवायचीच. गुरुवारी वीज जायची असेल तर कडक चाचणी बुधवारी रात्री उरकावी, अर्ध्या टेपेवर लाइट गेली की तोंडचं पाणी पळतं.

एवढं करूनही खरं मशीन आणि एमुलेटर वेगळं वागत असतील, तर खरोखर एमुलेटरमध्ये चूक असू शकते. एमुलेटर लिहिणारे लोक बहुतेक हौसेने काम करतात. ‘माझा खेळ चालत नाही’ एवढ्यावर त्यांना काही करता येत नाही. त्यांना मोजता येईल असं काहीतरी द्या.

त्यासाठी बॉर्डर हे उत्तम मोजमाप आहे. संशय असलेल्या सूचनांच्या आधी बॉर्डर लाल करा, नंतर पुन्हा काळी. लाल पट्टी जितक्या ओळी उंच, तितके गुणिले २२४ टी-स्टेट. ‘हॉल्ट’नंतर थोडा विलंब ठेवून सुरुवात करा, म्हणजे पट्टी टीव्हीच्या वरच्या न दिसणाऱ्या भागात जाणार नाही. हाच तुकडा एमुलेटरमध्ये चालवा आणि खऱ्या पडद्याचा फोटो शेजारी ठेवा. पट्टी वेगळ्या उंचीची आली की मुद्दा सिद्ध झाला, शब्दांची गरज नाही.

सोबत द्यायचं ते इतकंच: वीस-तीस सूचनांचा मूळ कोड, त्याची टॅप फाइल, दोन्ही चित्रं, एमुलेटरची आवृत्ती, आणि मशीनच्या बोर्डवर छापलेला इश्यू नंबर. तो नंबर बघायला केस उघडावी लागते. उघडताना कीबोर्डच्या पातळ रिबन सॉकेटमधून सरळ वर ओढा, वाकवू नका. जुन्या झाल्यात, तडकतात.